टीचरनी सांगितलंय

घरात चार वर्षांचं मूल असलं की सत्ता नेमकी कोणाच्या हातात आहे ते लवकरच कळतं. आजोबांच्या हातात नसते, आईबापांच्या तर नसतेच. ती असते बालवाडीच्या बाईंकडे. परवा आमच्याकडे जेवायला बसलो होतो. ह्यांनी सवयीने पहिला घास मोडला आणि नातवाने हात वर केला, ट्रॅफिक पोलिसासारखा. "आजोबा, थांबा. आई अजून बसली नाहीये." सून तव्यापाशी उभी होती. "कोणी सांगितलं रे तुला?" "टीचरनी." विषय संपला. हे मुकाट्याने हात आखडून बसले. या घरातल्या बायकांना जे आजवर साधलं नाही, ते आम्ही कधी न पाहिलेल्या एका मुलीने साधलं होतं.

आणि गंमत बघा, हा पोरगा दहावीला जाईल तेव्हा त्याला तिचं नावसुद्धा आठवणार नाही. मोठेपणी बहुतेकांना तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं जवळजवळ काहीच आठवत नाही, आणि त्यापुढच्या दोन-तीन वर्षांचंही तुकड्यातुकड्यांनीच. कॉलेजच्या प्राध्यापकांचे षष्ठ्यब्दीचे सोहळे होतात, हायस्कूलच्या सरांना जुने विद्यार्थी रस्त्यात वाकून नमस्कार करतात. बालवाडीच्या बाईंचा सगळा जन्म मात्र अशा माणसांवर खर्च होतो, जी त्यांना विसरणार हे आधीच ठरलेलं असतं.

आमची बालवाडी विठ्ठलाच्या देवळाच्या ओवरीत भरायची. बाईंचा चेहरा मलाही धड आठवत नाही. आठवतात ते त्यांचे गुडघे, कारण बोलायचं झालं की त्या खाली बसायच्या आणि आमची तोंडं त्यांच्या तोंडासमोर यायची. फ्रॉकला पिनेने टाचलेला रुमाल आठवतो. आणि जूनमधलं ते सामुदायिक भोकाड आठवतं.

रडणाऱ्या मुलाला त्या "रडू नको" म्हणायच्या नाहीत. गोळीही द्यायच्या नाहीत. खडूंचा डबा त्याच्या हातात ठेवून म्हणायच्या, "एवढा धर बाळा जरा, माझे हात भरलेत." हात कसले भरलेले! पण मूल दोन्ही हातांनी डबा धरायचं. मग नाक पुसायची पंचाईत. सूंऽसूं करत ते बाईंच्या मागे मागे फिरायचं, कोणाला पांढरा दिला, कोणाला निळा ते बघायचं, आणि मध्येच कुठेतरी रडणं अर्धवट राहून जायचं. त्याला कोणी समजावलं नव्हतं की गप्प केलं नव्हतं. त्याच्यावाचून कोणाचं तरी अडलं होतं, एवढंच.

सासूबाई गेल्या तेव्हा तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि मामंजी खुर्चीत नुसते बसून राहू लागले. एका सकाळी मी त्यांच्यापुढे मटारच्या शेंगा ठेवल्या. "एवढ्या सोलून देता का? मला आज वेळ नाहीये." आयुष्यात त्यांनी शेंग सोलली नव्हती. चांगला तासभर लावला, चार दाणे खुर्चीखाली पळवले, पण सोलल्या. दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, "आज काही सोलायचं नाही का?" ही युक्ती मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

आमच्या बाईंना तरी ती कोणी शिकवली असेल? असं काम करणाऱ्यांचा आपल्याकडे मोठा गोतावळा आहे. भावनगरचे गिजुभाई बधेका मूळचे वकील. वकिली सोडून लहान मुलांत इतके रमले की गुजरातेत लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले. त्यांच्या बरोबरीने ताराबाई मोडकांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला आणि 1945 मध्ये त्या काम घेऊन डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींच्या पद्धतीतली लाकडी साधनं महाग, म्हणून यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं वापरली. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आधी हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखं कापायची, मग गाणी-गोष्टी. पुढे 1957 पासून जवळच्याच कोसबाडला वारली पाड्यांवरच्या मुलांसाठी काम सुरू झालं. गुरं राखणारी पोरं गुरं सोडून येणार कशी, म्हणून त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच, की मूल येत नाही यात दोष मुलाचा, हे या बायकांच्या डोक्यातच आलं नाही.

1975 साली सरकारची अंगणवाडी योजना आली आणि ‘अंगणवाडी’ गावोगाव पोचली. आमच्या गल्लीतली सेविका आज मुलांची वजनं घेते, आहार वाटते, लसीकरणाच्या याद्या करते, मोबाईलवर माहिती भरते, आणि यातून वेळ उरलाच तर गाणं म्हणते. याबद्दल तिला मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मान किती आणि धन किती, ते तिलाच विचारावं.

आमच्या बाईंकडे साधन म्हणाल तर एक पिशवीभर चिंचोके. त्यांचे दहा-दहाचे ढीग करायचे. दहा झाले की एक खडा बाजूला मांडायचा. त्या खड्याला बाई ‘पाटील’ म्हणायच्या, का ते देवाला ठाऊक. शेवटी ढीग कोणी मोजायचे नाहीत, पाटील मोजायचे. पाटील मांडायला मिळावा म्हणून आमची मारामारी व्हायची.

मध्यंतरी माहेरी गेले होते. भावाला पडद्यांच्या दांड्या बसवायच्या होत्या, म्हणून चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू आणायला गेले. दुकानदार माझ्याच वर्गातला. आता टक्कल, पोट, कपाळाला गंध. साठ स्क्रू मागितले. त्याने मूठभर काउंटरवर ओतले आणि बोटाने सरकवत मोजू लागला. दहा झाले की एक वायसर उचलून बाजूला ठेवायचा. सहा वायसर झाल्यावर त्यांच्याकडे बोट दाखवत पुटपुटला, "सहा पाटील, साठ," आणि स्क्रू कागदात बांधायला घेतले.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, बाईंची आठवण ठेवलीस की!"

"कोण बाई?"

"अरे, ओवरीतल्या. बालवाडीच्या. हे पाटील त्यांचेच ना?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "छ्या! त्यात बाईंचं काय? मोजायचं म्हटलं की सगळे असंच मोजतात."