सीपीएफ ४१३१: चलन अडलं ती दुपार

सीपीएफ ४१३१ हा एररचा आकडा दिसला की अजून माझं डोकं तापतं. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, त्याच आठवड्यातली गोष्ट. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्याचा सगळा हिशेब एएस/४०० या आयबीएमच्या कॉम्प्युटरवर. मालाच्या मास्टर फाइलीत एचएसएन कोडासाठी (जीएसटीतला मालाच्या वर्गाचा आकडा) आठ अक्षरांचं फील्ड, म्हणजे नवा रकाना घातला, ती फाइल वापरणारे आरपीजी भाषेतले प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केले, म्हणजे मशीनला चालवता येतील असे नव्यानं बनवले. सगळं सुरळीत.

दुपारी डिस्पॅचमधून फोन. "साहेब, काय करूलाय? पुण्याचा ट्रक भरून उभा हाय, मालाचं चलन निघंना!"

स्क्रीनवर सीपीएफ ४१३१, म्हणजे लेव्हल चेकचा मेसेज. कंपाइल होताना फाइलीच्या रेकॉर्ड फॉरमॅटची, म्हणजे नोंदीच्या रचनेची १३ अक्षरांची खूण प्रोग्रॅममध्ये नोंदली जाते. फील्डांची नावं, क्रम, लांबी, प्रकार यांवरून सिस्टीम ती काढते. प्रोग्रॅम फाइल उघडायला गेला की दोन्हीकडची खूण ताडली जाते. जुळली नाही तर फाइल उघडत नाही.

पण मी कंपाइल केला होता! पुन्हा केला. तोच मेसेज. तिसऱ्यांदा केला, तरी तोच. ही सिस्टीम बसवून देणाऱ्यांना फोन लावला. अर्धा तास ताटकळत ठेवून त्यांनी सांगितलं, "फाइलीची लेव्हल चेक बंद करा, चालेल."

नसतं चाललं. मी फील्ड मधे, दराच्या अगोदर घातलं होतं. जुना प्रोग्रॅम जुन्या मापानंच रेकॉर्ड वाचणार, म्हणजे एचएसएनचे आकडे दराच्या जागी. दर पॅक्ड (एका बाइटमध्ये दोन आकडे) असता तर डेसिमल डेटा एरर येऊन निदान थांबला असता. आमचा झोन्ड (एका बाइटमध्ये एकच आकडा), त्यात आकड्यांची अक्षरं जशीच्या तशी खपतात. एकही एरर न येता भलत्याच दराचं चलन पुण्याला गेलं असतं. असा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका.

मग डीएसपीपीजीएमआरईएफ ही कमांड (प्रोग्रॅम कुठल्या फाइली वापरतो ते दाखवणारी) चालवून प्रोग्रॅममधली खूण बघितली, डीएसपीएफएफडी ही कमांड (फाइलीतली फील्डं दाखवणारी) चालवून फाइलीची. प्रोग्रॅममध्ये जुनीच! बाकीचे प्रोग्रॅम सकाळी केले होते, चलनाचा जेवणानंतर. मधल्या वेळात चाचणीसाठी टेस्ट लायब्ररी लायब्ररी लिस्टमध्ये (फाइली कुठल्या क्रमानं शोधायच्या त्या यादीत) वर आणलेली. तिथं मास्टर फाइलीची जुनी प्रत होती, कंपायलरनं पहिली सापडली ती घेतली. लायब्ररी काढली, कंपाइल केलं, खुणा जुळल्या. पावणेपाचला चलन छापून निघालं तेव्हा मी दिवसातला पहिला चहा घेतला.

म्हणून कंपाइल करण्याआधी लायब्ररी लिस्ट बघा. नुसतं कॉलमचं हेडिंग बदललं असेल तर खूण बदलत नाही, सगळं पुन्हा कंपाइल करत बसू नका.

आणि हो, ही तपासणी फाइल उघडताना होते, प्रोग्रॅम सुरू होताना नव्हे. आमचा स्टॉकचा एक प्रोग्रॅम मास्टर फाइल फक्त महिनाअखेरीला उघडतो. तो माझ्या नजरेतून सुटला होता, जुलैअखेरीला रात्री अडला. तेव्हापासून सगळ्या प्रोग्रॅमांची डीएसपीपीजीएमआरईएफ एका फाइलीत काढतो, त्यात मास्टरचं नाव शोधतो आणि मगच फील्डाला हात लावतो.