आबांचे मसानी

आमच्या नाशिकरोडच्या मंडळाचं स्नेहसंमेलन डिसेंबरअखेर तीन दिवस चालायचं. पहिला दिवस मुलांचा, म्हणजे वेशभूषा स्पर्धा आणि संवाद विसरलेली नाटुकली. तिसरा बक्षिसांचा आणि मिसळीचा. मधली संध्याकाळ मात्र तुरुंगाची. गावात मध्यवर्ती कारागृह असल्याचा अभिमान बाळगणारं आमचं एकमेव मंडळ असावं. स्वातंत्र्यलढ्यात तिथे कोण कोण राहून गेलं त्याची यादी सचिवांच्या वहीत होती आणि दर वर्षी त्यातल्या एकावर व्याख्यान व्हायचं.

साने गुरुजींच्या वर्षी बसायला जागा नव्हती. आईवरचं ते पुस्तक त्यांनी 1933 च्या फेब्रुवारीत याच तुरुंगात लिहिलं, त्यामुळे वक्त्याने तोंड उघडायच्या आत निम्म्या बायकांचे पदर डोळ्यांना लागले होते. एसेम जोशी, नानासाहेब गोरे, अच्युतराव पटवर्धन या समाजवादी पुढाऱ्यांनाही गर्दी झाली. मग यादी सरत आली आणि पाळी आली मिनू मसानींची. ‘हे कोण?’ असं तीन-चार जणांनी फलक वाचून विचारलं.

बोलायचे होते अण्णा. नोटप्रेसमधून निवृत्त, राष्ट्र सेवा दलात वाढलेले समाजवादी, युनियनमध्ये मुरलेले. आणि पहिल्या रांगेत येऊन बसले पळशाचे आबा, द्राक्षबागाईतदार. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला त्यांच्या छातीवरून लग्नाकार्यातही उतरत नसे. हे दोघे एका सभेत असले की आम्ही पोरं नाटुकल्यांपेक्षा जास्त खूश असायचो.

अण्णांनी सुरुवात झोकात केली. 1905 चा जन्म. वडील सर रुस्तम मसानी, मुंबईचे पहिले भारतीय महापालिका आयुक्त. मुलगा लंडनहून बॅरिस्टर होऊन आला आणि सविनय कायदेभंगात थेट आमच्या गावच्या पाहुणचाराला. इथल्या बराकीत जयप्रकाश, अशोक मेहता, गोरे, एसेम यांच्याशी चर्चा झडल्या आणि त्यातून 1934 मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. ‘म्हणजे भारतातल्या समाजवादाचं बारसं नाशिकरोडला झालं!’ अण्णांनी टेबलावर मूठ आपटली. टाळ्या.

‘पुढं सांगा,’ आबा म्हणाले.

पुढचं अण्णांना जड जात होतं. स्टालिनने जुन्या सहकाऱ्यांवर चालवलेले खटले पाहून मसानींचा रशियावरचा विश्वास उडाला, 1939 मध्ये त्यांनी पक्ष सोडला आणि ते टाटांकडे नोकरीला गेले. ‘भांडवलदारांकडे,’ अण्णांनी सुस्कारा सोडला. चाळिशीच्या आत मुंबईचे महापौर, मग संविधान सभेचे सदस्य, आणि 1948 मध्ये नेहरूंनी त्यांना राजदूत करून ब्राझीलला धाडलं. तेव्हा राजधानी रिओ होती, हे अण्णांनी दोनदा सांगितलं. मुलांपैकी कुणीतरी ‘पेले?’ असं ओरडलं. पेले तेव्हा सात-आठ वर्षांचा होता हेही अण्णांना माहीत होतं. अण्णांना सगळंच माहीत असे, म्हणून त्यांची व्याख्यानं संपत नसत.

रिओमधला मुक्काम लवकर आटोपला आणि मसानी परत टाटांकडे आले. नोकरी, राजदूतपद, पुन्हा नोकरी. इथे कुणी थांबला असता तर मंडळाने त्याच्यावर संध्याकाळ खर्ची घातली नसती. पण 1957 मध्ये हा मुंबईचा पारशी लोकसभेला उभा राहिला तो रांचीतून, आदिवासी मुलखात, जयपालसिंग यांच्या झारखंड पक्षाच्या पाठिंब्यावर. हे जयपालसिंग म्हणजे 1928 च्या सुवर्णपदकवाल्या हॉकी संघाचे कप्तान. मसानी निवडून आले.

इथून माइक आबांच्या हातात कसा गेला ते कुणालाच कळलं नाही. 1959 च्या जानेवारीत नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने सहकारी शेतीचा ठराव केला. ‘तुमची जमीन, आमची जमीन, सगळी एकत्र. कसणार कोण आणि हिशेब ठेवणार कोण?’ आबा असे तापले होते की ठराव जणू आदल्या आठवड्यात झाला होता. त्या ठरावाविरुद्ध राजाजी, प्रा. रंगा आणि मसानी यांनी स्वतंत्र पक्ष काढला, निशाणी तारा. 1963 मध्ये राजकोटची पोटनिवडणूक मसानींनी जिंकली. त्याच सुमारास कृपलानी आणि समाजवादी नेते लोहियाही पोटनिवडणुका जिंकून आले, आणि लोहियांचं नाव येताच अण्णांनी माइकसाठी हात पुढे केला. आबांनी दिला नाही. 1967 मध्ये स्वतंत्र पक्षाचे 44 खासदार, लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष. सरकारी खर्च तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद पहिल्यांदाच विरोधकांकडे आलं, तेही मसानींकडे.

‘आणि 1971 ला?’ अण्णांनी जागेवरूनच विचारलं.

आठ खासदार. मसानी स्वतःही राजकोटला पडले आणि त्यांनी पक्षाचं अध्यक्षपद सोडलं. आबा क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, ‘पडल्यावर खुर्ची सोडणारे किती दाखवता?’ मला स्वतःला त्यांचा हा मुद्दा अण्णांच्या सगळ्या सनावळीपेक्षा वजनदार वाटला, अजूनही वाटतो.

भांडण मिटवलं ते आणीबाणीने. मसानींच्या इंग्रजी मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी 1976 मध्ये न्या. मादन आणि न्या. कानिया यांनी सेन्सॉरचे ते आदेश रद्द केले. आणीबाणी अजून वर्षभर चालायची होती. अण्णा त्या काळात आत होते, आणि हा प्रसंग त्यांनी उभं राहून सांगितला. आबांनी माइक त्यांच्या तोंडापुढे धरला होता.

आभार मानायला सचिव उठले तेव्हा साडेदहा वाजले होते आणि अल्पोपाहाराचे वडे गार झाले होते. रिवाजाप्रमाणे त्यांनी पुढच्या वर्षीचं नाव जाहीर केलं: प्रा. दांतवाला. तेही याच बराकीतले, अर्थशास्त्रज्ञ, आणि 1965 च्या कृषिमूल्य आयोगाचे पहिले अध्यक्ष.

‘शेतमालाचे भाव ठरवणारा आयोग?’ आबांनी वडा खाली ठेवला. ‘मग वक्ता मी. दीड तास लागेल.’