तुम्ही विचारलंत म्हणून : लग्नाचा करार आणि अविश्वास

जोडप्यांचे करार आणि त्यांच्यातले तंटे हेच माझे रोजचे काम असल्यामुळे एक प्रश्न मला फिरून फिरून विचारला जातो : पुढे वेगळे झालो तर कोणाला काय मिळणार याचा लग्नाआधी करार करायचा म्हणजे एकमेकांवरचा अविश्वासच कागदावर उतरवायचा, नाही का? पूर्वी मी याला गुळमुळीत उत्तर देत असे. आता सांगते की वाटणीच्या कलमांवरून अविश्वास ओळखता येत नाही. करार केव्हा पुढे ठेवला आणि त्याच्यासोबत काय उघड केले, हे पाहावे.

माझे हे मत पक्के झाले ते ऑस्ट्रेलियातल्या एका खटल्यामुळे. थॉर्न आणि केनेडी या टोपणनावांनी तो ओळखला जातो. भेट झाली तेव्हा पुरुष सदुसष्ट वर्षांचा होता आणि किमान १.८ कोटी डॉलरच्या मालमत्तेचा धनी होता. स्त्री छत्तीस वर्षांची, परदेशातून त्याच्या भरवशावर आलेली. २००७ मध्ये लग्न तोंडावर आले, तिचे आईवडील येऊन पोहोचले, आणि तेव्हा करार समोर आला : सही नाही तर लग्न नाही. तीन वर्षांनंतर विभक्त झाल्यास तिला ५०,००० डॉलर मिळायचे होते, त्याआधी झाल्यास काहीच नाही. तिच्या स्वतंत्र वकिलाने सही करू नका असे स्पष्ट बजावले होते, तरी लग्नाला चार दिवस उरले असताना तिने सही केली, आणि लग्नानंतर जवळपास तशाच दुसऱ्या करारावरही केली. २०१७ मध्ये तिथल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने दोन्ही करार रद्द केले. दोन्ही बाजूंना वकील असला की करार भक्कम झाला, असे मानणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा. सल्ला उत्तम होता, पण तो मानण्याची मोकळीक तिला नव्हती.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार कराराचा अंतिम मसुदा हाती पडल्यावर सही होईपर्यंत किमान सात दिवस जावे लागतात. मला सात दिवसही अपुरे वाटतात. लग्नाची तारीख चारचौघांत जाहीर झाल्यावर नाही म्हणणे फार जड जाते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी तारीख ठरवण्याआधीच बसायला सांगते.

अर्थात न्यायालये नेहमीच दुबळ्या बाजूला सोडवतात असेही नाही. इंग्लंडमध्ये अशा करारांना फार काळ न्यायालयात थारा नव्हता. २०१० च्या राडमाखर खटल्यात मात्र नऊपैकी आठ न्यायाधीशांनी कराराला निर्णायक वजन दिले. तिथे श्रीमंत होती ती जर्मन पत्नी. फ्रेंच पतीने १९९८ मध्ये स्वतंत्र सल्ला न घेता, तिच्या संपत्तीचा पूर्ण तपशील न पाहता सही केली होती; पण तो बँकेच्या व्यवसायातला जाणता माणूस होता आणि आपण काय सोडतो आहोत हे त्याला कळत होते, असे न्यायालयाने धरले. विरोधी मत नोंदवणाऱ्या एकमेव न्यायाधीश ब्रेंडा हेल या खंडपीठातल्या एकमेव स्त्री होत्या. अशा करारांत गमावणारी बाजू आर्थिकदृष्ट्या दुबळी आणि बहुधा पत्नी असते, हे त्यांचे निरीक्षण माझ्या अनुभवाशी जुळते, जरी त्या खटल्यात गमावणारा पती होता. मुलींचा बाप म्हणून त्याला घराची तरतूद मात्र मिळाली, कारण मुलांच्या गरजा आईबापांच्या करारात बांधून टाकता येत नाहीत.

पूर्ण तपशील न पाहताही त्या पतीचा करार टिकला हे माहीत असूनही, दोघांनी करारापूर्वी एकमेकांपुढे ठेवायच्या संपत्तीच्या यादीचा आग्रह मी सोडत नाही. यादी म्हणजे नुसते घर आणि ठेवी नव्हेत. कर्जे, दुसऱ्यासाठी दिलेला जामीन, कुटुंबाच्या धंद्यातला हिस्सा, निवृत्तिवेतन हेही आले. एका जोडप्याची यादी लिहिताना मुलगा भावाच्या मोठ्या कर्जाला जामीन आहे हे निघाले. मुलगी चिडली ती कर्जावर नव्हे, दोन वर्षे न सांगितल्यावर. त्यांनी करार शेवटपर्यंत केलाच नाही, लग्न केले, आणि ती यादी जपून ठेवली आहे असे मध्यंतरी कळले.

लग्नानंतरच्या कराराविषयी मी अधिक सावध असते. एकाने मुलांसाठी नोकरी सोडली, कोणाला वारसा मिळाला, एकाच्या धंद्याचे कर्ज घरावर येऊ लागले, तर असा करार रास्त आहे. पण फसवणूक उघडकीस आल्यावर, ‘मी राहावे असे वाटत असेल तर सही कर’ म्हणून पुढे केलेला कागद मी लिहून देत नाही. सही करणारा त्या दिवशी अपराधी मनाने काहीही कबूल करतो, आणि नवराबायकोत आधीच असलेल्या विश्वासाच्या नात्यामुळे काही न्यायालये अशी सही अधिक कठोरपणे तपासतात.

दोन्ही प्रकारांत एक कलम मी हमखास घालायला सांगते : मूल झाले, कोणी दीर्घ आजारी पडले किंवा काम सुटले, तर करार पुन्हा उघडायचा. आणि देश बदलला तर तो तिथल्या वकिलाला दाखवायचा, कारण एका देशात बंधनकारक असलेला कागद दुसऱ्या देशात केवळ विचारात घेण्याजोगा ठरू शकतो.