खोट्या बदकाचं खरं चित्र

नातवाच्या दातांच्या तारा आवळायच्या होत्या, म्हणून सून आम्हा दोघांना घेऊन गेली. मेरीलँडमधलं गाव, दुपारची वेळ. बाहेर बसलेला जो तो फोनमध्ये. मला मात्र भिंती वाचायची खोड आहे. भिंतीवर काय टांगलंय यावरून मी माणूस जोखतो. धबधब्याचं पोस्टर लावणाऱ्या डॉक्टरकडे मी सहसा दुसऱ्यांदा जात नाही.

इथे धबधबा नव्हता, बदक होतं. चांगल्या लाकडी चौकटीत, रुंद पांढरा समास सोडून. चष्मा सारखा करून बघितलं तर बदकही लाकडाचंच! मान धडाला जोडली तिथे भेग गेलेली, डोक्यावरच्या तांबूस रंगाचे पोपडे निघालेले, चोचीचं टोक उडालेलं. पोटाखाली शिशाचं वजन ठोकलेलं आणि पुढे दोरी बांधायला कातड्याची वादी. चित्रकारानं एकेक पोपडा इतक्या मायेनं काढला होता की खऱ्या पिसांवरही कुणी एवढा वेळ घालवत नसेल. खाली पेन्सिलीनं सही आणि एक अपूर्णांक, म्हणजे एकूण किती प्रती छापल्या आणि त्यांतली ही कितवी. मूळ बदक कुठेतरी आकाशात, त्याची नक्कल लाकडात, तिची नक्कल कागदावर, कागदाच्या पुन्हा काहीशे नकला. आणि एवढं सगळं झाल्यावर खाली सही कशासाठी, तर ही प्रत अस्सल आहे म्हणून.

सून म्हणाली, "बाबा, इकडे हे घरोघरी असतं. डिकॉय म्हणतात. खरी बदकं खाली उतरावीत म्हणून शिकारी पाण्यात सोडायचे ते आमिष."

त्या रात्री मी जागलो. चेसापीक उपसागराचा हा सगळा किनाराच या लाकडी बदकांचा. हावर डी ग्रेस नावाच्या गावात त्यांचं संग्रहालय आहे. तिथले नामांकित कारागीर मॅडिसन मिचेल यांचा मूळ धंदा अंत्यविधीचा. लोकांना निरोप द्यायचा आणि उरलेल्या वेळात बदकं घडवायची. खाली क्रिसफील्डचे लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे भाऊ न्हावी. दुकानात केस कापता कापता बदकं कोरायचे आणि स्वतःला चक्क 'लाकडातले नकली पाणपक्षी करणारे' म्हणवून घ्यायचे. धंद्यातला इतका प्रामाणिकपणा मी लक्ष्मी रोडवरही पाहिलेला नाही.

ही बदकं मुळात माणसांनी बघायची नव्हतीच. बघणार बदक, तेही वरून, उडता उडता, पहाटेच्या उजेडात. आपले भाऊबंद खाली निवांत तरंगताहेत एवढं त्याला पटलं की काम झालं. म्हणून रंग ढोबळ, आणि मोसमाआधी दरवर्षी नवा हात. आता संग्राहकांना नेमका तो जुना, पहिलाच रंग हवा असतो. कुणी हौसेनं रंगवून ठेवलं की किंमत उतरली. मॅसॅच्युसेट्सच्या एल्मर क्रोवेल यांनी केलेलं, मान वळवून पिसं साफ करणारं एक बदक 2007 साली अकरा लाख डॉलरच्याही वर गेलं. जात कुठली, तर पिनटेल. म्हणजे आपलं तलवार बदक, हिवाळ्यात भिगवणला शंभर रुपयांची दुर्बीण लावूनही दिसतं ते!

आमिषाची ही कल्पना काही या कारागिरांचीही नव्हे. नेवाडातल्या लव्हलॉक गुहेत 1924 साली लव्हाळ्यांची बदकं सापडली, दोनेक हजार वर्षांपूर्वीची. स्थानिक लोकांनी वळलेली, रंगवलेली, काहींना खरी पिसं खोचलेली.

आमच्याकडे उलटा कारभार. पाखरांना बोलवायला कशाला काही करायचं, ती न बोलावताच येतात. बार्शीकडे मामाची जोंधळ्याची पट्टी होती. हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर बसून गोफण फिरवायची कामगिरी आम्हा पोरांची, आणि मधोमध बुजगावणं. त्याला आजोबांचा जुना काळा कोट, डोक्याला मडकं, मडक्यावर चुन्याचे डोळे. चिमण्या त्याच्या खांद्यावर बसून कणसं सोलत. एकदा दिवेलागणीला लांबचे एक पाहुणे बांधावरून आले, थबकले, वहाणा काढल्या आणि वाकून म्हणाले, "रामराम, आण्णा." उत्तर येईना म्हणून पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं. आण्णा ओसरीवर सुपारी कातरत होते. पुढे कितीतरी वर्षं त्या पाहुण्यांना घरात 'रामराम' याच नावानं ओळखायचे. नक्कल पाखरांसाठी केली आणि माणूस फसला. अकरा लाख डॉलर मोजणाऱ्यांविषयी वाचताना मला ते पाहुणे आठवले, एवढंच.

पण चित्रातल्या त्या तांबड्या डोक्याच्या बदकाची, कॅन्व्हासबॅकची, गोष्ट गमतीची नाही. आपल्या लालसरीचंच ते जवळचं नातलग. सस्क्वेहाना नदीच्या मुखाशी उथळ पाण्यात त्यांचे थवे उतरत. शिकारी पाण्याच्या पातळीइतक्या बुडवलेल्या पेटीत उताणा पडून राही, भोवती शेकड्यांनी लाकडी बदकं. पेटी नीट बुडावी म्हणून तिच्या कडेच्या पंखांसारख्या फळ्यांवर ओतीव लोखंडाचीही बदकं ठेवत. मारलेले पक्षी रेल्वेनं शहरांत, तिथून हॉटेलांच्या ताटांत. 1918 च्या कायद्यानं ही बाजारू शिकार बंद केली, 1935 मध्ये ती पेटीही गेली आणि आमिषाला जिवंत बदकं बांधणंही. मग लाकडी बदकं हळूहळू पाण्यातून फडताळात चढली, तिथून चित्रात. 1985 साली तर अमेरिकी टपाल खात्यानं 22 सेंटच्या चार तिकिटांवर चार लाकडी बदकं छापली. दवाखान्यातल्या चित्रात चित्रकारानं कुशीवरची छर्र्यांची भोकंसुद्धा सोडलेली नाहीत. लाकूड होतं म्हणून टिकलं. शेजारी उतरलेलं टिकलं नसणार.

निघायच्या आठवड्यात सुनेनं विचारलं, "बाबा, तसलं एखादं चित्र न्यायचं का पुण्याला?"

नको म्हटलं. भिंत आहे, पण आमचा ड्रिलवाला येतो येतो म्हणतो आणि येत नाही. गणपतीच्या आधी आणलेला आरसा अजून जमिनीवरच टेकून उभा आहे.