तुम्ही विचारलंत म्हणून: तो एकतीस मिनिटांचा वेस्टर्न

स्पॅनिश दिग्दर्शक पेद्रो अल्मोदोवारचा विषय निघाला की हल्ली कुणीतरी विचारतंच, "तो दोन काउबॉयांचा लघुपट खरंच चांगला आहे, की नुसताच देखणा?" म्हणजे 'स्ट्रेंज वे ऑफ लाइफ' हा वेस्टर्न (अमेरिकेतल्या काउबॉय-शेरीफांच्या गोष्टींचा चित्रप्रकार), २०२३ सालचा, लांबी ३१ मिनिटं. तोंडी उत्तर देताना माझं फार लांबतं, म्हणून लिहून टाकते.

सिल्वा (पेद्रो पास्कल) पंचवीस वर्षांनी वाळवंट ओलांडून आपल्या जुन्या प्रियकराला, जेकला (ईथन हॉक) भेटायला येतो. जेक आता शेरीफ, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख आहे. जेवण होतं, दारू होते, रात्र जाते. त्या रात्रीचं फारसं काही दिसत नाही, सकाळ मात्र नीट दिसते. अंथरूण आवरणं, अंतर्वस्त्रं शोधणं, आणि मग भांडण. सिल्वाला झालेलं बोलून दाखवायचंय, जेकला ते झालंच नाही असं करायचंय. घोडे आणि गोळीबार वेस्टर्नमध्ये असतातच हो, पण दोन पन्नाशीच्या पुरुषांची अशी अवघडलेली सकाळ मी या प्रकारात दुसरीकडे पाहिलेली नाही. अख्ख्या लघुपटात मला हाच भाग सगळ्यात धीट वाटतो.

भांडणाचं कारण असं: जेकच्या दिवंगत भावाच्या बायकोचा खून झालाय आणि संशय सिल्वाच्या मुलावर आहे. मग सिल्वा आला कशासाठी, प्रेमासाठी की पोराला वाचवायला? दोन्हीसाठी, असं मला वाटतं, आणि पास्कल ते दोन्ही एकाच चेहऱ्यावर ठेवतो. पण जिचा खून झाला त्या बाईबद्दल आपल्याला जवळपास काहीच कळत नाही. या दोघांना भांडायला निमित्त हवं म्हणून ती मेली.

या दोघांच्या तारुण्यातला मेक्सिकोचा प्रसंग तर मला जाहिरातच वाटला. वाइनच्या धारा, सुंदर पोरं, चुंबनं. निर्मितीत साँ लोराँ हे फॅशन घराणं आहे आणि ते लपत नाही. सिल्वाचं हिरवं जाकीट इतकं झकास, की एवढं वाळवंट तुडवून आलेल्या माणसाच्या अंगावर ते खरं वाटत नाही. चित्रीकरण स्पेनमधल्या आल्मेरियाचं, जिथे इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने आपले वेस्टर्न केले. तिथली धूळ कपड्यांवर थोडी तरी बसू द्यायची!

लोक म्हणतात, वेळ कमी पडला. मला उलट वाटतं. खुनाची भानगड काढून टाकली असती, तर अर्धा तास भरपूर होता.

'ब्रोकबॅक माउंटन' हा दोन काउबॉयांच्या प्रेमाचा चित्रपट आधी अल्मोदोवारला देऊ केला होता, त्याने नाकारला. दोन पुरुषांनी एका रँचवर राहून करायचं काय, या त्यातल्या सवालाचं उत्तर तो इथे शेवटी सिल्वाच्या तोंडून देतो: एकमेकांची काळजी घ्यायची, एकमेकांना जपायचं, सोबत करायची. ऐकायला गोडच आहे. पण ते ऐकणारा जेक अंथरुणाला खिळलाय, आणि त्याला गोळी घातलीय सिल्वानेच. या आश्वासनावर जेकने किती विसंबायचं, हे दिग्दर्शक सांगत नाही. मला ते फार आवडलं.