आमची वाटचाल : सौर पंपाचं स्ट्रक्चर, जस्त आणि काळी माती

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत ऐंशीच्या दशकापासून दुचाकीच्या कारखान्याभोवती जॉबवर्कची, म्हणजे दुसऱ्याचा माल मजुरीवर करून देणाऱ्यांची, मोठी साखळी उभी राहिली. आमची शेड त्याच साखळीतली. बँड-सॉ, पॉवर प्रेस, मिग वेल्डिंग, ड्रिल, एवढीच यंत्रं, आणि काम ब्रॅकेट नि ट्रॉल्यांचं. २०१९ मध्ये केंद्राची सौर पंपांची पीएम-कुसुम योजना आली, शेतात सौर पंप बसू लागले आणि त्याच यंत्रांवर आम्ही पॅनेल धरणाऱ्या लोखंडी चौकटी, म्हणजे स्ट्रक्चर, करायला घेतली. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेनंतर हेच आमचं मुख्य काम झालं. त्या योजनेत शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के, आणि जमिनीनुसार ३, ५ किंवा साडेसात एचपीचा पंप मिळतो.

मराठवाड्यात सौर पॅनेलचा कारखाना कधी येणार, असं लोक विचारतात. यायलाच हवा. पण पंपाच्या संचात इथे आज काय बनू शकतं, हे आधी बघावं. ५४० वॅटचं पॅनेल साधारण २८ किलोचं. पाच एचपीला ४८०० वॅट लागतात, म्हणजे नऊ पॅनेल, अडीचशे किलो. एकावर एक रचून ती कुठूनही येतात. स्ट्रक्चरचं वजन आमच्या रचनेत २८० किलोच्या आसपास, पण वेल्डिंग केलेल्या चौकटी ट्रकमध्ये जागा खातात, भाडं वजनापेक्षा जागेचं बसतं. आणि त्याखालचं अडीच टनांचं काँक्रीट तर शेतातच ओतायचं असतं. सळई जालन्याच्या रोलिंग मिलची, खडी जवळच्या क्रशरची. पाइपाचा पत्रा आणि जस्त मात्र बाहेरून येतं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते गॅल्व्हनायझिंगने, म्हणजे गंज लागू नये म्हणून लोखंडावर जस्त चढवण्याने. टेंडरमध्ये ८० मायक्रॉन हॉट डिप लिहिलेलं असतं. तयार माल आधी हायड्रोक्लोरिक आम्लात स्वच्छ होतो, मग पाण्यात, मग फ्लक्समध्ये (जस्त नीट धरावं म्हणून वापरायचं द्रावण), आणि वाळल्यावर ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडतो. हा प्लांट आम्ही टाकला नाही. आम्लाच्या सांडपाण्याची नीट व्यवस्था आणि धुण्यासाठी भरपूर पाणी, दोन्ही लागतं. जिथे उन्हाळ्यात टँकर लागतात, तिथे हे लहान शेडचं काम नव्हे. माल जॉबवर्कला जातो. पण तो बिघडतो किंवा सुधारतो आमच्याच शेडमध्ये.

पहिली गोष्ट भोकांची. दोन्ही टोकं बंद असलेला पाइप जस्तात गेला की आत अडकलेल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते आणि पाइप फुटतो, तापलेलं जस्त बाहेर उडतं. तिथल्या कामगाराचा जीव जाऊ शकतो. म्हणून कॅप किंवा बेस प्लेट लावण्याआधी प्रत्येक बंद पाइपाला दोन भोकं पाडायची, समोरासमोरच्या टोकांना तिरकी: एकातून हवा जाते, दुसऱ्यातून जस्त निथळतं. भोक लहान ठेवलं तर जस्त आत साचून वजन वाढतं. बेस प्लेटवर पाइप चारी बाजूंनी वेल्ड करतो तेव्हा प्लेटच्या मध्यावरच मोठं भोक ठेवतो. ड्रॉइंगवर ही भोकं लाल रंगात दाखवतो, आणि ती तपासल्याची सही झाल्याशिवाय गाडी भरत नाही.

दुसरी गोष्ट पोलादाची. सिलिकॉन साधारण ०.०४ ते ०.१२ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर जस्ताचा थर भराभर वाढतो, करडा आणि ठिसूळ होतो, ठोकर लागली की पापुद्रा निघतो. एकाच स्ट्रक्चरमध्ये एक खांब चकाकता आणि दुसरा राखाडी दिसला, तर दोष जस्ताच्या कढईचा आहे असं धरून चालू नये. पाइप दोन वेगळ्या लॉटचे असतात. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागायला आम्ही यामुळेच लागलो. वेल्डिंगचा स्पॅटर (उडून चिकटलेले थेंब), मार्किंगचा ऑइल पेंट आणि स्लॅग (वेल्डवरची कवची) हेही शेडमध्येच घासून काढावे लागतात. आम्ल गंज काढतं, रंग काढत नाही, आणि तिथे जस्त धरत नाही.

थर बरोबर बसला का, हे जाडी मोजायच्या मीटरने कळतं, पण वजनकाटाही सांगतो. ८० मायक्रॉन म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५७० ग्रॅम जस्त. तीन मिमी जाडीच्या पाइपाला आतून-बाहेरून तेवढं बसलं तर वजन जवळपास पाच टक्के वाढतं. माल जाताना आणि येताना एकाच काट्यावर तोला. वाढ दोन-अडीच टक्केच दिसली तर मीटर काढायची वेळ आली. परत आलेला माल पावसाळ्यात ओला थप्पी लावून ठेवला तर आठवड्यात पांढरी बुरशीसारखी पूड धरते. त्याला पांढरा गंज म्हणतात. मध्ये लाकडी फळ्या घालून, एक बाजू उंच करून ठेवला तर पाणी निथळतं, हवा फिरते. गॅल्व्हनायझिंगनंतर साइटवर वेल्डिंग किंवा नवीन भोक पाडणं आमच्याकडे पूर्ण बंद आहे. म्हणून बोल्टची भोकं जस्ताचा थर धरून आधीच मोठी पाडतो, एम-१२ ला १४ मिमी.

पॅनेलचा आकार बदलला तेव्हा जिग (माल एकाच मापात धरणारे साचे) नव्याने करावे लागले. सुरुवातीला ३३० वॅटचं पॅनेल चालायचं, अंदाजे १.९६ बाय ०.९९ मीटर. पाच एचपीला अशी पंधरा लागायची. पुढे ५४० वॅटचं आलं, २.२८ बाय १.१३ मीटर, फक्त नऊ. राफ्टरची (तिरक्या पाइपांची) लांबी, पर्लिनचं (पॅनेल ज्यांवर बसतं त्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर, क्लॅम्पची (पॅनेल धरणाऱ्या पकडीची) जागा, सगळं हललं. आता पर्लिनला गोल भोकांऐवजी लांबट स्लॉट पाडतो, म्हणजे कंपनी बदलली तरी पॅनेल बसतं. क्लॅम्प मात्र पॅनेलच्या कंपनीने दाखवलेल्या पट्ट्यातच हवा. त्याबाहेर लावला तर वाऱ्यात फ्रेम वाकते, काच तडकते आणि वॉरंटीही जाते.

आता वारा. पंपाच्या स्ट्रक्चरला ताशी १५० किमीचा वारा झेलायचा असतो. त्या वेगाला दाब येतो चौरस मीटरला सुमारे १०४० न्यूटन. नऊ पॅनेलचं क्षेत्र २३ चौरस मीटरच्या वर, म्हणजे उताराचे आणि आकाराचे गुणक धरण्याआधीच जोर अडीच टनांच्या घरात. तो वरून दाबतो तसा खालून उचलतोही. मराठवाड्यात खरी परीक्षा एप्रिल-मेच्या अवकाळी वादळात होते. पत्रे उडतात त्याच वाऱ्यात स्ट्रक्चरचे पाये उपटतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इथल्या शेतकऱ्यांना आजही आठवते. पॅनेलच्या चाचणीत २५ मिमीच्या गारेचा मारा असतो. त्याहून मोठ्या गारांपुढे स्ट्रक्चरवाला काही करू शकत नाही, हे शेतकऱ्याला आधीच सांगावं आणि विम्याची कागदपत्रं नीट ठेवायला लावावीत.

पाया हा आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. दोन खांबांच्या स्ट्रक्चरला आम्ही ६०० बाय ६०० मिमीचा, दीड मीटर खोल खड्डा घेतो. एका खड्ड्यात ०.५४ घनमीटर काँक्रीट बसतं, १:१.५:३ प्रमाणाने साधारण साडेचार पोती सिमेंट. वजन सव्वा टनाच्या वर. दोन मिळून अडीच टन, आणि बाकीचा जोर भोवतालची जमीन धरते. पण काळी माती धरेलच असं नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि खांबाभोवती पोकळी होते. म्हणून काळी माती ओलांडून मुरमात निदान दोन फूट गेल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही, मग खोली दीडऐवजी दोन मीटर झाली तरी चालेल. खड्ड्याचं तोंड ढासळून रुंद झालं तर काँक्रीट वर छत्रीसारखं पसरतं. फुगणारी माती त्या छत्रीखाली जोर लावते आणि पाया दरवर्षी थोडा थोडा वर येतो. तोंड रुंद झालं तर फर्मा लावावा. तळ रुंद, तोंड अरुंद, हाच आकार बरोबर. माथा जमिनीपासून सहा इंच वर आणि चारी बाजूंना उतार दिलेला हवा, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी आणि खताचा अंश साचत नाही.

काँक्रीटला पाणी घालायला माणूस नसतो, ही नेहमीची अडचण. ओलं पोतं गुंडाळून सात दिवस भिजवत ठेवावं, हे शेतकऱ्याला समजावून सांगितलं तर तो मनापासून करतो. पंप त्याचा असतो. दुसऱ्याच दिवशी पॅनेल चढवायची घाई केली की बोल्टभोवती तडा जातो.

जागेचंही बोलायला हवं. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, म्हणून पूर्व, दक्षिण आणि पश्चिम बाजू मोकळी हवी. बसवतात सोयाबीनच्या वावरात, आणि पुढच्या वर्षी तिथे तूर किंवा ऊस येतो. पॅनेलच्या खालच्या ओळीवर सावली पडली तरी एकमेकांना जोडलेल्या पॅनेलची सगळी माळ मंदावते आणि पाणी कमी येतं. लोक पंपाला दोष देतात.

पैशाचं थोडक्यात. पाइप रोखीने येतो आणि बिल तीन-चार महिन्यांनी निघतं. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) उत्पादक म्हणूनच करून घ्यावी. एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात पैसे देण्याची मुदत लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस आहे, आणि व्यापारी म्हणून नोंद असेल तर हे संरक्षण मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा, माल मिळाल्याची तारखेसह सही घ्या.

वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा (शेतीला दिवसा सौर वीज देणारी) ३ मेगावॅटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. अशा प्रकल्पांत खांब हजारांनी लागतात. त्यासाठी एकट्या शेडचं काम पुरत नाही, तीन-चार शेडनी एकच ड्रॉइंग आणि एकच जिग वापरून काम वाटून घ्यावं लागतं. आम्ही आता त्याच तयारीत आहोत. सध्या प्रत्येक फिटरच्या कार्डावर दुसऱ्या भेटीची तारीख लिहिलेली असते: दिवाळीनंतर, माती आवळली की. त्या दिवशी ओळंब्याने खांब तपासायचा, भेगांत मुरूम ठासून भरायचा आणि सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने आवळायचे.