रुमालातली चार पत्रं

जुन्या नाशकातला आमचा वाडा पाडायचं ठरलं आणि माळा रिकामा करायचं काम माझ्याकडे आलं. तिथे आजोबांची पत्रं सापडली, पूर्वी घरोघरी असायची तशी वाकवलेल्या तारेला टोचून ठेवलेली. १९६९ च्या पुरानंतर ती तार माळ्यावर गेली असावी, कारण तळाच्या कार्डांवर गढूळ पाण्याची रेघ आहे.

पत्रं एकदम उपसली नाहीत हे बरं झालं. तारेवर सगळ्यात जुनं पत्र तळाशी असतं. तो क्रम मोडला की अर्धी माहिती गेलीच. एकेका पत्राचा दोन्ही बाजूंनी फोटो, टपालाच्या शिक्क्यावरची तारीख वहीत, मग पुढचं. बाबा म्हणाले, "गेलेल्या माणसांची पत्रं वाचू नयेत." असं ते का म्हणताहेत, ते मला तेव्हा कळलं नाही.

आजोबांची धाकटी बहीण, आमची आत्याआजी, आमच्याच घरी राहायची. स्वयंपाकघराच्या दाराशी बसून तांदूळ निवडायची. "नवऱ्याने टाकली" एवढंच घरात बोललं जाई. १९८१ मध्ये ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून, ओटी भरून तिला नेलं. अहेवपणी गेली म्हणून बायका हात जोडत होत्या, ते मला लख्ख आठवतं.

तारेच्या तळाची पत्रं मोडीत होती. मोडीत हात न उचलता लिहायची रीत, शब्द तोडलेले नसतात, ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो. म्हणून एक पत्र मी दोन जाणकारांकडून वेगवेगळं वाचून घेतलं. पणजोबांनी १९४३ मध्ये मनमाडला रेल्वेत असलेल्या आजोबांना लिहिलेलं. दोघांनीही तेच वाचलं : 'तीस घेऊन येणे. कन्येस न आणणे.' त्या 'न'वर मी कितीदा भिंग धरलं असेल! दुसरं काही लागतंय का, म्हणून.

म्हणजे आत्याआजीला मुलगी होती. तीन वर्षांची. नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं. आपल्याकडे मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला बंदी करणारा कायदा आला १९४६ मध्ये, तेव्हा त्याला जाब विचारणार कोण? आजोबांनी वडिलांचा शब्द पाळला. बहिणीला आणलं, भाचीला तिथेच ठेवलं.

पण खरा धक्का तारेवर नव्हताच. ट्रंकेच्या तळाशी लाल रुमालात चार इनलँड पत्रं होती. पत्ता पोरसवदा बाळबोध अक्षरात. नाव आत्याआजीचं, 'द्वारा' आजोबा. शिक्के १९५२ ते १९५५ चे. चारही पत्रं बंद. एकाचीही कड फाडलेली नव्हती.

तीन दिवस ती माझ्या टेबलावर पडून होती. उघडली नाहीत. ती माझी नव्हती. ज्या आजोबांचं बोट धरून मी रोज गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जायचे, त्यांनी ही पत्रं बहिणीला दिली नाहीत, आणि जाळलीही नाहीत. बाबा म्हणाले, "जखमेवरची खपली निघू नये, असं वाटलं असेल त्यांना." मला हे पटलेलं नाही. मी आजोबांवर रागावले आहे, आणि त्यांची आठवणही येते.

मुलीचा शोध लागला तो रामकुंडावर. तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत गावागावांची घराणी लिहिलेली असतात, कोण कधी कशासाठी आलं ते येणाऱ्याच्याच अक्षरात. आत्याआजीच्या सासरचं गाव आणि आडनाव सांगितलं तेवढ्यावर गुरुजींनी वही काढली. नोंद होती १९६३ ची, तिच्या नवऱ्याच्या अस्थी घेऊन आलेल्या मुलांची.

मी तिथेच बोटांवर वर्षं मोजली. अठरा. नवरा गेल्यानंतर अठरा वर्षं आत्याआजी रोज सकाळी कुंकू लावत होती. रामकुंडापासून आमचा वाडा चालत दहा मिनिटांवर! तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की सांगूनही तिने कुंकू पुसलं नाही? हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही. बाबांना विचारलं, तर ते उठून गॅलरीत गेले.

नामावळीतल्या अलीकडच्या एका नोंदीवरून फोन नंबर मिळाला, त्यावरून आत्याआजीच्या मुलीचा संगमनेरचा पत्ता. आधी मी त्यांच्या मुलाशीच बोलले. म्हाताऱ्या माणसाच्या हातात अचानक असं काही ठेवू नये. आईला विचारा, नको म्हणाल्या तर मी पुन्हा फोन करणार नाही, असं सांगितलं. आठवड्याने त्याचा निरोप आला, "ये म्हणतेय."

त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. हनुवटी थेट आत्याआजीची. मी त्यांना आत्या म्हटलं आणि रुमाल सोडला.

"आईने वाचली नाहीत?"

"तिला दिलीच नाहीत, आत्या."

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग एक पत्र खिडकीच्या उजेडात धरून त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"डिंक सुटायचा, म्हणून मी भाताचं शीत लावायचे," त्या म्हणाल्या.

कडेला एक शीत होतं. वाळून पिवळं पडलेलं, जागच्या जागी.